सासूबाईंचा कोट आणि गावभरच्या फुंकरा

"सशाचा आहे गं वहिनी," नणंद ख्रिसा आपल्या महागड्या मिंक फरच्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "पण तुला शोभेल हो!"

एवान्थियाचा नुसता जळफळाट झाला. सासूबाईंनी कपाट रिकामं करताना लेकीला मिंक दिला आणि सुनेला हा जुनापुराणा तपकिरी कोट. इतकी वर्षं त्यांचे गुडघे चोळले ते सशासाठी? रविवारी भाच्याच्या लग्नाआधी छडा लावायचाच, म्हणून तिनं कोट काखोटीला मारला आणि तळ्याकाठचं कॉफीचं दुकान गाठलं. ग्रीसमधल्या या कास्तोरिया गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची हयात फरचे कोट शिवण्यात गेलेली. आणखी कुणाला विचारणार?

लाझारोसकाकांनी कॉलरवर फुंकर मारली आणि दुभंगलेल्या केसांत डोकावून पाहिलं.

"मिंक. लढाईच्या आधीचा. डोळे मिटून सांगतो."

"काय सांगता!" एवान्थियाची कळी खुलली.

आर्गिरिसकाकांनी लगेच खालच्या काठावर फुंकर मारली. "डोळे उघडून सांग की! कोल्हा आहे हा. आणि गावात टीव्ही आल्यानंतरचा."

"कोल्हा असशील तू! मी काय जन्मभर गोणपाट शिवलं?"

खिशापाशी फुंकणाऱ्याला पाणमांजर सापडलं. कोपरापाशी फुंकणारा म्हणाला, "ससा." कोट एक, जनावरं चार, आणि वयाचा तर पत्ताच नाही! शेवटी लाझारोसकाकांनी कात्री मागवून अस्तर उसवलं. आत नखाएवढे शेकडो तुकडे.

"अरे, तुकडे आपणही जोडतो, पण पंज्याला पंजा, शेपटीला शेपटी," आर्गिरिसकाका डोकं खाजवत म्हणाले. "ही खिचडी कुणी केली?"

एवान्थिया लोंबतं अस्तर घेऊन घरी आली. सासूबाई किंचाळल्याच. "अगं, फाडलास?"

"आधी सांगा आई, हा आहे तरी कसला?"

"सगळ्यांचा! तुझे सासरे ज्या ज्या कारखान्यात कामाला जायचे, तिथला केरातला तुकडा मागून आणायचे. साखरपुड्याला नुसती कॉलर दिली होती मला. मग दरसाल थोडा थोडा वाढवत गेले. खालचा काठ पुरा झाला आणि त्याच हिवाळ्यात गेले." म्हातारीनं डोळे पुसले. "मिंक काय, दुकानातनं आणलेला. ख्रिसाला तोच आवडायचा. हा तुझ्याशिवाय कुणाला देणार होते?"

एवान्थियाला रडावं की हसावं कळेना. रात्रीच तिनं अस्तर शिवून टाकलं.

पण तोवर सासऱ्यांनी कारखान्या-कारखान्यातून जमवलेल्या तुकड्यांचा गावभर बोभाटा झाला होता. रविवारी चर्चमध्ये नवरीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आपापल्या कारखान्याचा तुकडा शोधायला म्हातारे एवान्थियाच्या पाठीमागे दाटीवाटीनं उभे, आणि तिच्या मानेवर फुंकराच फुंकरा.

"हा माझा! ही माझ्या हातची शेपटी!" लाझारोसकाका भर प्रार्थनेत ओरडले.

पलीकडे ख्रिसा केव्हाची मिंक सावरत उभी होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. अखेर ती आईच्या कानाशी लागली.

"आई, मला नुसता मिंकच दिलास होय गं?"