पाणी साचता कामा नये!

"पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही!" असं निचरासाहेब म्हणाले, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

निचरासाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, गल्लीनं ठेवलेलं. माणसानं उभी हयात पाणथळ जमिनी सुकवण्यात घालवलेली. बैठकीच्या भिंतीवर त्याबद्दल मिळालेली पितळी ढाल. घरात एक थेंब साचलेला खपायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा एसी ठिबकतो म्हणून त्यांनी चार लेखी तक्रारी केल्या होत्या!

आणि दैवाचा खेळ बघा, यांच्याच पोटी दलदल वाचवणारी मुलगी जन्मली. बापानं सुकवलेली एक दलदल पुन्हा ओली करायची, असा तिचा ध्यास. तिथं दवबिंदूची शेवटची सात झाडं उरली होती. दवबिंदू म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारं इवलंसं झाड. त्या सातांच्या बियांपासून तिनं चार वर्षं खपून छत्तीस रोपं वाढवली. रविवारी ती दलदलीत लावायची होती, आणि त्याआधी तीन दिवस तिला तिथले चर बुजवायला जायचं होतं.

"बाबा, ताटल्यांत कायम बोटभर पाणी हवं. पिंपातलं, पावसाचंच. नळाचं घातलंत तर मरतील. बाकी काही म्हणजे काही करू नका."

"अगं, चाळीस वर्षं पाण्यातच काढली मी!"

लेक गेली. साहेब गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. छत्तीस कुंड्या, छत्तीस ताटल्या, आणि प्रत्येकीत साचलेलं पाणी! त्यांच्या अंगावर काटा आला. दुपारपर्यंत त्यांनी कळ काढली, मग ड्रिल काढलं. प्रत्येक ताटलीला तीन भोकं, खाली उतार, उताराला नळी. तासाभरात गॅलरी कोरडी ठणठणीत.

"अहो, ती पाणी ठेवा म्हणाली होती ना?" बायकोनं विचारलं.

"पाणी द्यायचं, साचवायचं नाही! मुळं कुजतात. पोरीला अजून समज नाही."

पोर बत्तीस वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी पानांवरचे थेंब गेले. साहेबांनी पिंपातलं पाणी ओतलं, ते नळीतून सुसाट निघून गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. भोकं बुजवावीत हे सुचलं नाही असं नाही, पण नळी इतकी फर्मास बसली होती की हात होईना. संध्याकाळी पिंपाचा तळ दिसला आणि पानं करपायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मुकाट्यानं सगळी रोपं लेकीच्या लहानपणच्या आंघोळीच्या टबात मांडली. पण पाणी कुठून आणायचं? आभाळ निरभ्र!

"डॉक्टरांच्या एसीचं?" बायको म्हणाली. "ते हवेतलंच की. पावसासारखंच."

तर काय सांगायचं, भर सकाळी निचरासाहेब बादली घेऊन त्याच एसीखाली उकिडवे बसले. डॉक्टर खिडकीतून डोकावले.

"साहेब, पाचवी तक्रार का?"

"नाही हो." साहेबांनी बादली थेंबाखाली सरकवली. "एसी जरा... जोरात लावता का?"

डॉक्टर भला माणूस. त्यांनी लावला. आत ज्यांचा एकच दात दुखत होता, त्यांचे बत्तीसच्या बत्तीस वाजू लागले. बादली भरून टबात ओतायला दुपार झाली.

लेक आली ती थेट टबाशी बसली. एकेक कुंडी उचलून तिनं पाहिली. अकरा मेली होती. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

"मी भोकं पाडली," साहेब म्हणाले. "तू बजावलं होतंस, तरी पाडली. चूक माझी आहे."

"तिकडंही तेच, बाबा." ती म्हणाली. "नकाशातले तिन्ही चर बुजवले, तरी पाणी ठरत नाही. कुठून जातं कळत नाही. उरलेली पंचवीस लावली तरी आठवड्यात मरतील." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

साहेबांनी भिंतीवरच्या ढालीकडे पाहिलं.

"चौथा आहे," ते हळूच म्हणाले. "जमिनीखालून नळ टाकलाय. नकाशात नाही. तीन चरांनी ती दलदल हटेना, म्हणून ऐन वेळी मी माझ्या डोक्यानं घातला. ढाल त्याचीच मिळाली."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." साहेब जमिनीकडे बघत राहिले. "आणि खरं सांगू? इतकं चांगलं झालेलं काम मोडायचं जिवावर आलं गं."

रविवारी त्यांनी मोजायची फीत न लावता नळाचं तोंड शोधून काढलं. चिकणमाती कालवून स्वतःच्या हातांनी ठासली, वर दगड बसवला, आणि तिथंच उभे राहिले. तासाभरानं पाणी त्यांच्या बुटांत शिरलं. पलीकडे गुडघ्यांवर बसून लेक पंचविसावं रोप लावत होती.

"बाबा," ती ओरडली, "पाणी साचतंय!"

साहेबांनी नुसता चिखलाचा हात वर केला.

घरी येऊन ओले बूट काढतात न काढतात, तोच आतून बायकोची हाक आली, "अहो, बेसिन तुंबलंय! बघा जरा."

"राहू दे दोन दिवस," साहेब म्हणाले. "काय उगवतंय बघू."