रेगे मॅडमचा एच

शेजारच्या रेगे मॅडम एकदा सकाळी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात. "सावंत, माझा एच वाढला!"

"अगंबाई! मग गोड कशाला खाताय?" आमची ही घाबरून म्हणाली. "डॉक्टरला दाखवलंत का?"

आता मॅडम स्वतःच डॉक्टर. म्हणजे औषध देणाऱ्या नव्हेत, कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करणाऱ्या. आपण पेपर लिहायचा आणि दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या पेपरात आपला उल्लेख करायचा, त्यावर यांची पत ठरते. एच नावाचा आकडा त्यातूनच निघतो. कसा, ते मॅडमनी मला सीवूड्स स्टेशनबाहेर उसाचा रस पाजून समजावलंय.

"दहा पेपर, प्रत्येकाला निदान दहा उल्लेख, तर एच दहा."

"आणि अकरा व्हायला?"

"अकरावा पेपर हवा. त्याला अकरा उल्लेख."

"झालं की मग!"

"कुठलं? आधीच्या दहांनाही अकरा-अकरा हवेत."

डोक्याचा पार भुगा. रस मात्र छान होता.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' असं टाकलं, की लगेच मॅडमचा मेसेज: "कोणी सांगितलं? संदर्भ द्या." उसळ पाठवली तर डब्यावर चिठ्ठी: "मूळ कृती: पाटीलवहिनी. मीठ जास्त: मी." गणपतीत आभाराचा फलक त्यांच्याकडे दिला, तर चेअरमनचं नाव सगळ्यात खाली! चेअरमन फुगून आरतीलाच आले नाहीत. मॅडमना कळेचना. "अहो, आमच्यात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं सगळ्यात मोठ्याचं. मी त्यांचा मानच केला!" आता हे चेअरमनला कोण समजावणार? मला तरी कुठे समजलं होतं?

रोज संध्याकाळी बाकावर बसून मॅडम मोबाइलमध्ये काहीतरी बघायच्या आणि तो उलटा ठेवून द्यायच्या. एकदा न राहवून विचारलं. त्यांनी स्क्रीन दाखवली. एक पेपर, पुढे उल्लेख शून्य.

पहिलं नाव प्रणालीचं, शेवटचं मॅडमचं. प्रणाली त्यांची विद्यार्थिनी, उरणकडच्या कोळीवाड्यातली. हा तिचा एकुलता एक पेपर. तो छापून आला आणि थोड्याच दिवसांत डेंग्यूने पोर गेली. तिच्या बाबांना धीर द्यायला मॅडम तेव्हा बोलून गेल्या, "लोक तिचं नाव घेतील बघा, जगभर." झालं! ते दर सणाला फोन करायचे. "मॅडम, पोरीचा नाव घेतला का कोनी?"

"मग तुम्हीच घ्या की," मी म्हटलं.

"मी कशी घेऊ? पेपरावर माझंही नाव आहे. आपलं आपण घेतलेलं मी मोजत नाही."

मला राग आला. इथे बाप वाट बघतोय आणि ह्या नियम धरून बसल्यात!

गेल्या महिन्यात मॅडमनी बेल वाजवली. चेहरा उतरलेला. "घेतलं, सावंत. एका पेपरात प्रणालीचं नाव घेतलं."

"अहो, मग पेढे कुठायत?"

"त्यांनी लिहिलंय, तिचा निष्कर्ष चुकीचा आहे."

मी चक्रावलो. "मग हे मोजतात की नाही?"

"मोजतात."

"म्हणजे चांगलं झालं की वाईट?"

 मॅडमनाही ठरवता येईना.

बाबांना फोनवर सांगणं काही त्यांच्याने होईना. शेवटी मीच गाडी काढली. बाबा अंगणात जाळं विणत होते. मॅडमना बघून लगबगीने उठले. "घेतला नाव?"

"घेतलं."

"काय लिवलाय?"

 ही बाई आता सगळं खरं सांगणार! मॅडमनी पदर सावरला. "लिहिलंय, की हा प्रश्न सगळ्यात पहिल्यांदा प्रणालीने विचारला."

"पयल्यांदा?"

"पहिल्यांदा. तिच्याआधी कोणीच नाही."

बाबा दारात जाऊन ओरडले, "अगो, आयकलास का? आपल्या पोरीनं पयल्यांदा इचारलान!" आतून आई आली आणि तिने मॅडमचे दोन्ही हात धरले. चहा, घावणे, सगळं झालं. आम्हाला उठूच देईनात.

परत येताना गाडीत मी विचारलं.

"मॅडम, ते पहिल्यांदाचं... खरंच लिहिलंय त्यांनी?"

"नाही."

कंटेनरच्या ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली होती.

"पण विचारला होता हो तिने, सावंत. माझ्यासमोर, माझ्या टेबलापाशी उभी राहून," मॅडम म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.