सहा सॅडल आणि एक पाणसळ

एका जंगलात ढवळू नावाचं एक तरस राहत होतं. मुलांनो, नाकं मुरडू नका. तरसालाही आईबाप असतात.

ढवळूकडे इलेक्ट्रिक गिटार होती. सहलीला आलेली माणसं अस्वल दिसताच ती टाकून पळाली होती. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीत वाघ बोललेला चालतो, आणि विजेचं तेवढं खटकतं होय?

ढवळू बायको आणि तीन पिल्लांसह रस्त्याखालच्या मोरीत राहायचा. पावसाळ्यात मोरीत पाणी भरायचं. गेल्या साली धाकटं पिल्लू वाहून जाता जाता वाचलं होतं. अशात वाघमहाराजांनी दवंडी पिटवली, "आमच्या वाढदिवशी जो आम्हाला खूश करील, त्याला टेकडीवरची कोरडी गुहा!" ढवळूने गिटार उचलली आणि थेट भागूआत्याचं बीळ गाठलं.

भागूआत्या म्हणजे म्हातारी साळू. अंगावर काटे, जिभेवरही काटे, पण कानाची पक्की. तिने पाठीवरचा एक काटा उपसला आणि तारा जिथे बसवतात त्या गिटारच्या ब्रिजला हात घातला. ब्रिजवर दर तारेखाली एक छोटंसं लोखंडी आसन असतं. त्याला सॅडल म्हणतात. आत्याने काट्याने बारीक स्क्रू फिरवून कुठलं सॅडल वर घेतलं, कुठलं खाली, कुठलं मागे सरकवलं. असे तीन दिवस गेले.

"आत्या, झालं का गं?"

"गप रे! हा ट्रेमोलोचा, दांडी दाबली की हलणारा ब्रिज आहे. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि हा मधे लोंबकळतो. एक तार ताणली की बाकीच्या पाच सैल पडतात. एकत्र कुटुंब आहे मेलं!"

चौथ्या दिवशी सूर लागला. ढवळूने दांडी दाबली, सूर खाली गेला, लाडाने डुलला आणि बरोबर जागेवर परत आला. मोरीतली पिल्लं नाचली. ढवळूला रडूच फुटलं.

वाढदिवसाच्या सकाळी बगळेसाहेब पाहणीला आले. पांढरे शुभ्र कपडे, एका पायावर उभं राहायची सवय, चोचीत सपाटी मोजायची पाणसळ. महाराजांसमोर जाणारी प्रत्येक वस्तू ते आधी तपासत.

"ही सॅडल वरखाली का?"

"साहेब, गिटारची मान गोलसर असते," ढवळू म्हणाला. "म्हणून मधली उंच, कडेची बुटकी."

"आणि मागेपुढे?"

"तारा जाडबारीक आहेत ना, साहेब."

"म्हणजे जाडीवरून भेदभाव? महाराजांच्या राज्यात?"

आत्या उसळली, "अरे बगळ्या, वाजवून तरी बघ!"

"वाजवणं आमच्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले. त्यांनी पाणसळ ठेवली आणि चोचीने स्क्रू फिरवून सहाही सॅडल एका रेषेत आणली. मग शिक्का मारला.

दरबारात ढवळूने पहिलाच झणत्कार दिला. मधल्या तारा मानेवरच्या पट्ट्यांवर घासून खरखरल्या. कडेच्या भलतंच बोलल्या. महाराजांच्या मिशा ताठ झाल्या आणि हत्तीला उचकी लागली.

"कुणाचा हा गाढवपणा?" महाराज गरजले. गाढव उगाच ओशाळलं.

बगळेसाहेब पुढे झाले. "महाराज, पाहणीत वाद्य सरळ आढळलं. शिक्का आहे. वाकडा असेल तर वाजवणारा."

ढवळूला हाकलून दिलं. गुहा त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही. त्या पावसाळ्यात मोरी पुन्हा भरली. ढवळूने रात्रीच्या रात्री पिल्लांना पाठीवर घेऊन काढल्या.

पुढच्या वाढदिवशी तो पुन्हा आला. साहेबांनी पाणसळ ठेवली. सहाही सॅडल आरशासारखी चकचकीत आणि काटेकोर रेषेत! स्क्रूला हात लावायचीही गरज नव्हती. साहेबांचे डोळे पाणावले.

भागूआत्या मात्र गिटार बघून चरकली. "अरे ढवळ्या, तारा कुठायत?"

"आत्या, गेल्या वर्षी होत्या ना तारा."

दरबारात ढवळूने डोळे मिटले, मान डोलावली, बोटं भरभर फिरवली, दांडीही दाबली. आवाज शून्य. गेल्या वर्षीच्या आठवणीने कान झाकून बसलेल्या महाराजांनी हळूच एक पंजा काढला, मग दुसरा. इतकी शांतता त्यांना कुठल्याच वाढदिवसाला मिळाली नव्हती. ते मनापासून खूश झाले आणि तिथेच घोरू लागले.

ढवळूला गुहा मिळाली. पिल्लं कोरडी झोपू लागली. एकदा आत्या नव्या तारा घेऊन गुहेत गेली. ढवळूने त्या हातात घेतल्या, कितीतरी वेळ कुरवाळल्या आणि परत दिल्या. "नको गं आत्या. दर महिन्याला बगळेसाहेबांची पाहणी असते."

तात्पर्य: मुलांनो, सूर जुळवायला जन्म जातो आणि तारा काढायला पाच मिनिटं लागतात. पोटी पिल्लं असतील, तर पाच मिनिटांचं काम आधी शिका.