डाळ न शिजवणारी नदी

माझ्या पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. मुलाच्या आईनं पाण्याचे पेले पुढे केले. आमच्याकडून वडीलधारे म्हणून आलेल्या मोहितेमामांनी पेला उजेडात धरला, खिशातून बोटभर उंचीची बाटली काढली, तीत थोडं पाणी ओतलं, दुसऱ्या कुपीतून साबणाचे चार थेंब सोडले आणि बाटली खळाखळा हलवली. फेस काही आला नाही.

"हार्ड," मामा म्हणाले. "मुलगा चांगला आहे. पण ह्या पाण्यात डाळ शिजायची नाही, नोडी, बघा हं."

लग्न झालं, त्यात मामांचा काही हातभार नव्हता. पण आज पुतणी सांगते, तिकडे तूरडाळीला सहा शिट्ट्या लागतात.

तुकोजीराव मोहिते विजयनगर कॉलनीत आमच्या शेजारच्या घरात राहतात. पूर्वज आमच्यासारखेच ह्या कानडी मुलखात इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. मामा मात्र सरकारी सर्वेक्षण खात्यात पाण्याचे नमुने तपासायचे. लग्न झाल्या झाल्या तीन वर्षं बस्तरच्या जंगलात, कांगेर दरीत नेमणूक होती. त्यांच्या तोंडून ऐकावं तर ती तीन वर्षं अजून चालूच आहेत. त्यांना कावेरीकाठी सहलीला न्या, काठावर उभे राहून म्हणतील, "बरी आहे. अष्टे, एवढंच."

कांगेर ही त्यांची नदी. चुनखडीच्या खडकांतून वाहणारी. मला सांगतात, "हिवाळ्यात तळचा खडा घ्यायला हात घाल, रघू. वाटतं, कोपरापर्यंत बुडेल. बुडतो खांद्यापर्यंत! एवढं नितळ पाणी. शर्ट भिजतो आणि वर गार्ड शिट्टी मारतो, कारण खडा उचलायचाच नसतो. राखीव दरी ती."

राखीव दरीचे कायदे मामांनी आमच्या कॉलनीच्या बागेलाही लावले आहेत. पान तोडायचं नाही, दगड हलवायचा नाही. सकाळी पूजेला फुलं तोडणाऱ्या बायका मामा दिसले की पिशवी पदराखाली घेतात.

पण माणूस चोख. गल्लीत कुणी बोअर मारली की मामा नमुना तपासून जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर रिपोर्ट लिहून देतात. एकांनी घर विकायला काढलं होतं. ते काकुळतीला आले, "मामा, 'मध्यम' एवढंच लिहा ना." मामांनी 'अतिशय हार्ड' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या घरमालकांनी वर्षभर अबोला धरला. मामांना त्याचं काही नव्हतं. असा ताठ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षापासून चंपामामी, म्हणजे मामांची बायको, विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग वार. स्वयंपाक तेवढा तिच्या हातात राहिला होता. त्या रविवारी त्यांचा मुलगा सतीश बेंगळुरूहून आला होता आणि मलाही जेवायला बोलावलं होतं. मामीनं डाळ वाढली. दातांखाली कचकच लागली. कुकर चढवून तिनं शिट्टी व्हायच्या आतच गॅस बंद केला असणार.

सतीशनं ताट सरकवलं. तो वाईट नाही, आईच्या काळजीनं थकलेला आहे. म्हणाला, "आई, आता स्वयंपाक बेडा, नकोच. उद्यापासून बाई येईल. तू नुसती बसून राहा."

मामी पळी हातात धरून उभी राहिली. "मला डाळपण येईना झाली काय?" ती मामांना विचारत होती.

मामा उठले. त्यांनी नळाचं पाणी बाटलीत घेतलं, साबणाची कुपी त्यावर तिरपी केली आणि बाटली हलवली. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. कुपीच्या तोंडावरचा अंगठा त्यांनी उचललाच नव्हता.

"बघ सतीश, फेस नाही. पाणी हार्ड झालंय. डाळ शिजणार कशी?"

"कांगेरातल्यागत?" मामीचा चेहरा उजळला. "तिथंपण नव्हती शिजत! मी आठ दिवस रडले. मग ह्यांनी सांगितलं, तुझं काही चुकत नाही गं, नदीच तसली आहे."

मामांनी पत्रिकेच्या पाठीवर रिपोर्ट लिहून स्वयंपाकघरात चिकटवला. सतीश वडिलांकडे बघत राहिला. मग त्यानं ताट परत ओढलं.

फाटकाशी मी हळूच म्हणालो, "मामा, आपल्या दोन्ही घरांत बेळगोळकडचंच, कावेरीचं पाणी येतं. आमची डाळ तीन शिट्ट्यांत शिजते."

"माहीत आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिला कालचं आठवत नाही, रघू. तिथलं सगळं आठवतं. उद्यापासून बाई नुसती भाज्या चिरून देईल. गॅस मी बघतो. तू एक कर. ती तुमच्याकडे विचारायला येईल."

नंतर कळलं, त्या संध्याकाळी मामा गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन हेच सांगून आले. ज्यांनी वर्षभर अबोला धरला होता, त्यांच्या दारातसुद्धा हात जोडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मामी आली. माझी बायको सुधा नुकताच कुकर उघडत होती; डाळ लोण्यासारखी शिजली होती. तिनं झाकण परत लावलं.

"सुधा, तुमच्याकडे डाळ शिजते का गं?"

"कुठली शिजते, मामी! कालपासून नुसती कचकच."

मामी खुर्ची ओढून ऐसपैस बसली. "असं कर बघ. रात्रीच भिजत घाल. चिमूटभर सोडा घाल, जास्त नको, चव जाते. आणि रडू नको हो. तुझं काही चुकत नाही."

सुधानं मान डोलावली. पदर डोळ्यांना लावला तो तिनंच.