गुलाबचे पंच्याऐंशी टक्के

१९८३ च्या डिसेंबरात सानगडीजवळच्या एका शाळेत जिल्ह्याहून परिपत्रक आलं. फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने महिन्याचं उद्दिष्ट लेखी द्यावं, त्याने खेळ सुधारतो, असं त्यात म्हटलं होतं. कल्पना वाईट नव्हती. सोबत तक्ते मात्र नव्हते. मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी कपाटातले कुटुंबनियोजनाचे उरलेले तक्ते काढले आणि ‘शस्त्रक्रिया’ खोडून ‘गोल’ लिहिलं. बाकीचे रकाने तसेच राहिले: उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, शेरा.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत सराव सुरू झाला. गुलाबने डाव्या पायाने मारला की चेंडू धुऱ्यापलीकडे, बांधाच्या पार शोधावा लागे. त्याने वीस लिहिले. टेकचंदला धावायचा कंटाळा. त्याने एक लिहिला, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या नऊ जणांनीही एकच. गोलरक्षक हिरालालने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं.

महिनाअखेर गुलाबचे सतरा झाले. त्या नऊ जणांचा एकेक झाला, टेकचंदचाही एक झाला. तो गुडघ्याला लागून गेला होता, पण तक्त्यात गुडघ्याचा रकाना नव्हता.

टक्केवारी काढायचं काम विज्ञानाच्या उषाबाईंकडे होतं. त्या हिरालालपाशी अडल्या.

“सर, शून्याला शून्याने भागता येत नाही.”

“भागता येत नाही, एवढं मोठं?” पुंडलिकरावांनी चष्मा काढला. “मंग कप्तान करून टाका त्याले.”

संघाची यादी लागली. शंभराखालचा एकही नव्हता. संघात असेल त्यालाच नागपूरच्या शिबिराला जाता येणार होतं. गुलाबने त्यासाठी मामाचे बूट मागून आणले होते, पुढे चिंध्या कोंबून.

“बाई, सतरा मोठे का एक मोठा?”

“सतरा.”

“मंग मले काहून काढलं?”

“तुझे पंच्याऐंशी टक्के भरतात, गुलाब. हिशेब बरोबर आहे.”

“हिशेब बरोबर आहे, तं मंग चुकलं कोण?”

उषाबाईंनी फळा पुसला. तो कोराच होता.

सामना कोंढा गावच्या संघाशी झाला. त्यांना परिपत्रक मिळालंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी नऊ गोल केले. आपल्या संघाने ‘सामन्यास हजर राहणे’ हे उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल जिल्ह्याने अभिनंदन कळवलं. कोंढ्याकडून, उद्दिष्ट न लिहिता गोल केल्याबद्दल खुलासा मागवला.

पुढच्या महिन्यात गुलाबने तक्त्यात एक लिहिला. पहिल्याच दिवशी तो मारून धुऱ्यावर जाऊन बसला.

“अरे, खेळ की अजून!” उषाबाई म्हणाल्या.

“कायले बाई? दुसरा मारला तं माह्यावर खुलासा येईन.”

“पोरगं सुधारलं,” पुंडलिकरावांनी शेरा लिहिला आणि त्याचं नाव नागपूरला पाठवलं. तिथल्या प्रशिक्षकाने चेंडू पुढ्यात ठेवून, मार म्हटलं. बूट घट्ट बांधून उभ्या राहिलेल्या गुलाबने आधी विचारलं, “किती?”

त्यांनी त्याला त्याच दिवशी परत पाठवलं.

शाळेत आल्यावर तो सरळ उषाबाईंकडे गेला. “बाई, तुमचाबी तक्ता असन ना? त्यात काय लिहिलं होतं?”

होता. शिक्षकांनाही तोच तक्ता होता. उषाबाईंच्या अक्षरात, सुवाच्य: ‘उद्दिष्ट: कुणाशी वाद न घालणे. साध्य: शंभर टक्के.’

असा तक्ता आपण कधी भरलाच नाही, अशी ज्यांची खात्री असेल, त्यांनी तसं लेखी कळवावं. अद्याप एकही पत्र आलेलं नाही.