आसरेची ओटी

उर्वशी माहेरी लोधीखेड्याला गेली, असं घरी सांगून झालं होतं. प्रत्यक्षात ती जाम नदीच्या डोहाशी दगडावर बसली होती. केस मोकळे, तोंडाला हळद, अंगावर पेटीच्या तळातून काढलेला हिरवा शालू. सगळं तिचा दीर वैभव याच्या शॉर्ट फिल्मसाठी. बुडालेली लेक परत मागायला आई डोहातल्या आसरेकडे, म्हणजे पाण्यातल्या देवीकडे येते, अशी गोष्ट. आसरा उर्वशी, आई शेजारच्या अपर्णा मॅडम. फिल्म संध्याकाळपर्यंत स्पर्धेला पाठवायची होती. उर्वशीला लहानपणापासून नाटकाचं वेड, आणि सासूबाई विजयमालांना त्या वेडाचा तिटकारा. म्हणजे ही पहिली आणि बहुधा शेवटचीच संधी.

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. अपर्णा मॅडमना रडू येईना. इतकी वर्षं वर्गावर ओरडून त्यांचा आवाज असा कमावलेला, की लेक मागताना त्या गृहपाठ मागताहेत असं वाटे. कांदा झाला, बाम झाला. शेवटी डोळे सुजवून त्या घरी निघून गेल्या.

"वहिनी, तुम्ही हालू नका," वैभव म्हणाला. "तुमचे शॉट तरी घेऊन ठेवतो. मी कट म्हटल्याबिगर बोलू नका." आणि मोबाइल घेऊन तो झुडपामागे शिरला.

पलीकडच्या काठावर त्यांच्याच सावरगावच्या कलाबाई कपडे धूत होत्या. त्यांना दगडावरची आसरा दिसली, झुडपामागचा वैभव दिसला नाही. आसरा दिसली की तिची ओटी भरायलाच हवी. त्या घराकडे धावल्या, आणि धावताना तोंड बंद ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोड्याच वेळात तांदूळ, खण, नारळ घेऊन बायांची रांग लागली.

"आसरा माय, संत्र्याचा बहार गळून राहिला, वाचव."

"माय, माह्या पोराचा मोबाइल सुटू दे."

उर्वशीच्या मांडीवर नारळ साठत चालले. बोलावं तर आवाज ओळखतील, उठावं तर देवीची थट्टा केली म्हणून बाया बडवतील. वैभवचीही बाहेर यायची छाती होईना, कारण रांगेच्या टोकाला त्याची आई, खुद्द विजयमालाबाई उभ्या होत्या.

त्यांची पाळी आली तेव्हा उर्वशीला हळदीखाली दरदरून घाम फुटला. बाईंनी ओटी भरली, इतर बायांना दूर सरायला सांगितलं आणि समोर बसल्या.

"माय, माही लेक चंचल कॅनडात हाय," त्या म्हणाल्या. "फोनवर दिसते. पण मी बोलाले बसली का तिले झोप येते. तिची ओढणी मी अजून धुतली नाही. धुतली तं वास जाईन ना वं."

उर्वशीच्या मांडीवरून घरंगळणारा नारळ त्यांनी सावरला.

"अन् सून लाखात एक हाय. ते माहेरी गेली का घर खायाले उठते. पण हे तिले कसं म्हणू? सासू हाय ना मी."

उर्वशीच्या डोळ्यांना धारा लागल्या. आसरा रडते हे पाहून बायांनी जागच्या जागी लोटांगण घातलं आणि मागे वळून न पाहता घरं गाठली. वैभव कट म्हणायचंच विसरला होता.

गोष्टीतली लेक आता बुडालेली नाही, कॅनडाला गेलेली ठरली. फिल्ममध्ये आईचा चेहरा नव्हता, फक्त पाठ आणि आवाज होता, तेवढ्यावर भिस्त ठेवून त्याने ती पाठवून दिली. पहिला नंबर आला. पांढुर्ण्याच्या भरल्या सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा लोक डोळे पुसत होते, आणि आईच्या दोन बाजूंना बसलेले दीर-भावजय खुर्चीत रुतत चालले होते.

"यातली आई कोण आहे?" परीक्षकांनी विचारलं.

विजयमालाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि सरळ मंचावर गेल्या. टाळ्या थांबता थांबेनात.

"आई, तुम्हाले माहीत होतं?" त्या ढाल घेऊन परतल्यावर उर्वशीने कसंबसं विचारलं.

"माह्या लग्नातला शालू मी ओळखणार नाही का? तुह्या तोंडावर हळद होती, माह्या डोळ्यांवर नव्हती."

"मंग ते सगळं..."

"घरी म्हणता येत नाही ते आसरेले म्हणता येते," त्या म्हणाल्या आणि ढाल सुनेच्या मांडीवर ठेवली. "आता पुढच्या पिक्चरमध्ये दगडावर मी बसते. तुह्या मनात काय हाय ते तू सांग."