अस्वलाच्या आत कोणी नसते

रविवारी दुपारी, मुख्य चौकातल्या मिरवणुकीत, बँड रंगात आलेला असताना आणि दोन्ही बाजूंनी मुले हात हलवत असताना, गोलोबा अस्वलाने स्वतःचे डोके काढले आणि काखेत धरले.

असे काही घडलेले नाही. मनोरंजन उद्यानाच्या व्यवस्थापनाने त्याच संध्याकाळी तसे कळवले आहे, आणि मिरवणुकीवर रोखलेले सगळे कॅमेरे व्यवस्थापनाचेच असल्यामुळे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. तेव्हा ही न घडलेली गोष्ट कशी घडली, तेवढेच सांगायचे आहे.

पर्यटन व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना सुट्टीत कुठेतरी काम करून अनुभवाचा दाखला आणावा लागतो. दाखला नाही तर पदवी नाही, हा विद्यापीठाचा नियम. त्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने इतका किडकिडीत की मित्र त्याला काडी म्हणत आणि वारा सुटला की थट्टेने त्याचा दंड धरून ठेवत. काडीने उद्यानाच्या रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षासाठी अर्ज केला. मुलाखतीला गेला तेव्हा त्याची गुणपत्रिका कोणी उघडली नाही. एका माणसाने टेप आणून त्याची उंची घेतली, मग खांदे मोजले आणि टेबलामागच्या बाईंकडे बघून म्हणाला, "बसतोय."

अशा रीतीने काडीची अस्वलात निवड झाली.

टेबलामागच्या बाई उद्यानाच्या आनंदप्रमुख होत्या. त्या स्वतः हसत नसत. हसणे हे त्यांच्या हाताखालच्या लोकांचे काम होते. पहिल्या दिवशी त्यांनी काडीला प्रशिक्षण दिले.

"गोलोबा हे अस्वल आहेत," त्या म्हणाल्या. "अस्वलाच्या आत काय असतं?"

"मी," काडी म्हणाला.

"चूक. अस्वलाच्या आत अस्वल असतं. पुन्हा सांग."

"अस्वल."

"आणि तू कुठे असतोस?"

काडीने बराच विचार केला. "कुठेच नाही?"

"छान. लवकर शिकतोस," असे म्हणून त्यांनी पुढचे पान उलटले.

पुढच्या पानावर भाषा होती. कपडे चढवणे असे म्हणायचे नाही. 'गोलोबा उठले' म्हणायचे. पाणी प्यायला जाणे म्हणजे 'गोलोबा मधाला गेले'. आतला माणूस उकाड्याने चक्कर येऊन पडला, तर 'गोलोबांना गाढ झोप लागली' असे जाहीर करून भोवती अंगाईगीत लावायचे. गोलोबा बोलत नाहीत. त्यांना तीन हावभाव मंजूर होते: पंजा हलवणे, होकारार्थी मान डोलावणे आणि पोटावरून हात फिरवणे. नकारार्थी मान मंजूर नव्हती, कारण आनंदाच्या ठिकाणी नकाराची गरज पडत नाही, असे एका सल्लागाराने बरेच मानधन घेऊन सांगितले होते.

अस्वलाचे डोळे मोठे, चमकदार आणि प्लॅस्टिकचे होते. त्यांतून काहीच दिसत नसे. बघायचे ते तोंडातून. उघड्या जबड्यात काळी जाळी होती आणि काडीचे डोळे बरोबर तिच्यामागे यायचे. तिथून लोकांचे चेहरे दिसत नसत, फक्त पोटे, पट्टे आणि पर्सा. डोक्याच्या आत एक पंखा होता, तो कधीकाळी फिरत असे. चेन पाठीला होती, तीही दुसऱ्या कोणीतरी ओढल्याशिवाय उघडत नसे. म्हणून गोलोबांना एक सोबतीण दिलेली होती. तीही विद्यार्थिनीच, पण पदवीच्या पुढच्या वर्गातली. काडी तिला ताई म्हणे. पंजा धरून चालवणे, खांबाला धडकू न देणे आणि गोलोबा फार वेळ स्तब्ध उभे राहिले तर मागून चिमटा काढणे, हे तिचे काम.

"दुखतं का गं, म्हणून विचारत जा ना एकदा," काडी पहिल्या दिवशी आतून पुटपुटला.

"अस्वल बोलत नाही," ताई ओठ न हलवता म्हणाली, आणि तिने आणखी एक काढला.

इथवर सगळे बरे चालले होते. गडबड हजेरीपासून सुरू झाली.

कपडे बदलायच्या खोलीला गुहा म्हणत. ही गुहा कर्मचाऱ्यांच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला होती आणि चेहरा ओळखून हजेरी लावणारे यंत्र दाराच्या आत. गुहेबाहेर अस्वल अर्धवट दिसता कामा नये, हा नियम. त्यामुळे यंत्रासमोर रोज पूर्ण अस्वलच उभे राही. पहिल्या दिवशी यंत्राने 'चेहरा ओळखता आला नाही' असे सांगितले. सुरक्षारक्षकाने तत्परतेने नवा चेहरा नोंदवला आणि नाव विचारले. नियमाप्रमाणे जे सांगायचे ते ताईने सांगितले. दुसऱ्या दिवसापासून यंत्र म्हणू लागले, "सुप्रभात, गोलोबा."

महिना संपता संपता मनुष्यबळ विभागाने काडीला बोलावले.

"तू एकही दिवस आलेला नाहीस," तिथले कारकून म्हणाले.

"साहेब, मी रोज येतो."

"मग असतोस कुठे?"

"अस्वलात."

कारकून उठले, त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला आणि आवाज खाली आणला. "असं बोलू नये. बाहेर मुलं असतात."

"इथे कोणी नाही, साहेब."

"सवय लागते. उद्या चुकून बाहेर बोलशील. हे बघ, गोलोबांचं बघ. एक दिवस खाडा नाही. कधी तक्रार नाही, कधी रजा नाही. त्यांच्याकडून शीक काहीतरी."

"साहेब, ते म्हणजे मीच—"

"गोलोबा म्हण. आणि 'मीच' म्हणू नकोस. लहान तोंडी मोठा घास दिसतो."

त्या महिन्याचे उत्कृष्ट कर्मचारी म्हणून गोलोबांची निवड झाली. कँटीनमध्ये त्यांचा फोटो लागला आणि खिडकीजवळची गादीची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आली. दुपारी घामाने निथळत आलेला काडी एकदा त्या खुर्चीवर टेकला, तर वाढपी ओरडलाच.

"ऊठ ऊठ. गोलोबांची आहे ती."

"ते कधी येणार बसायला?"

"न का येईनात. आपण मान ठेवावा."

काडीने उभ्यानेच जेवण उरकले. गोलोबांना सगळे अहो-जाहो करत आणि त्याला अरे-तुरे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले. इतके दिवस तो दोन्ही ऐकत होता, पण डोक्याच्या फोममुळे फरक नीट कळत नव्हता.

घरी वेगळीच काळजी. हा रोज सकाळी जातो कुठे, असा आईला संशय होता. एका शनिवारी ती मावशीला घेऊन थेट उद्यानात आली. काडीने तिला पोटावरून नाही, पर्सवरून ओळखले; तिचा बंद त्यानेच दोरीने बांधून दिलेला होता.

"माझा मुलगा इथे कामाला आहे," आई ताईला म्हणाली. "उंच आहे. हडकुळा. कुठे भेटेल?"

ताईने अस्वलाकडे पाहिले, मग आकाशाकडे. "असं कोणी इथे दिसत नाही हो, काकू."

"बघ, म्हटलं नव्हतं?" आई मावशीला म्हणाली. "उंडारतोय." मग तिची नजर गोलोबांकडे गेली आणि आवाज एकदम मऊ झाला. "अगं, किती गोड आहे हा. काय हो, तुम्ही तरी सांगा. चार वेळा जेवायला हाक मारली, तर खोलीतून 'हो' येत नाही. हे काय वागणं झालं?"

गोलोबांनी मान डोलावली. दुसरी मान नव्हती.

"बघ, याला कळतं. मुक्या जनावराला कळतं." तिने पंजा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काडीला आठवेना, आईचा हात आपण शेवटचा कधी धरला होता. त्याने पंजाने तिची बोटे थोडी दाबली. मावशीने फोटो काढला.

रात्री जेवताना आईने तो फोटो त्याच्यासमोर धरला. "याच्याकडे बघ जरा."

"आई, तो मी आहे."

आईने एकदा फोटो पाहिला, एकदा त्याला. "उगाच काहीतरी. तुझी मान कधी डोलते का एवढी?"

मग कॉलेजचे सर पाहणीला आले. विद्यार्थी काम करताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाखल्यावर त्यांची सही होत नसे. सर मुळात गंभीर गृहस्थ. पण उद्यानात पाय ठेवल्यापासून त्यांनी डोक्याला अस्वलाचे कान लावले होते. आनंदप्रमुख बाईंनी त्यांना हजेरी दाखवली. काडीच्या नावापुढे काही नव्हते.

"असं कसं?" सर म्हणाले. "ही मुलगी त्याच्या ओळखीची दिसते. काय गं, तो येतो का?"

ताईला खरे ते सांगायचे होते. पण बाई शेजारीच उभ्या होत्या आणि ताईचा स्वतःचा दाखला त्यांच्याच सहीचा होता. "सर, गोलोबांनाच विचारा," ती म्हणाली.

मोठी माणसे अशा वेळी खेळात सामील होतात, तसे सर झाले. "काय हो गोलोबा? आमचा विद्यार्थी दांड्या मारतो, खरं ना?"

काडीने जाळीतून पाहिले. सरांच्या पोटावर पेन होते आणि पेनाचे टोपण निघालेले होते. त्याने दोन्ही पंजे जिवाच्या आकांताने हलवले.

"टाटा करून गेला म्हणताय," सर म्हणाले.

त्याने पोटावरून हात फिरवला.

"खाऊन-पिऊन गेला."

मग तो स्तब्ध उभा राहिला. काहीही न करणे हा एकच नकार त्याच्याकडे शिल्लक होता. पण स्तब्ध उभे राहायला मनाई होती, बाईंनी ताईकडे पाहिले, आणि ताईने डोळे मिटून चिमटा काढला. अस्वल दचकले. दचकताना त्याची मान वरून खाली गेली, खालून वर आली.

"झालं तर," सर म्हणाले, आणि लिहिले: 'विद्यार्थी पूर्णतः अनुपस्थित. अस्वल उत्कृष्ट.' मग त्यांनी गोलोबांसोबत फोटो काढून घेतला.

रविवारच्या मिरवणुकीत जे घडले नाही, ते यानंतर घडले नाही.

काडीने डोके काढले तेव्हा आधी वारा लागला. मग त्याला पहिल्यांदा लोकांचे चेहरे दिसले. बँड थांबला. "ठेव, ठेव डोक्यावर," ताई कुजबुजली, पण तिनेच मागून चेन खाली ओढली, ते मात्र कोणी पाहिले नाही.

"मी आहे," काडी मोठ्याने म्हणाला. "आत मी होतो. सगळा उन्हाळा."

पुढे उभी असलेली एक छोटी मुलगी म्हणाली, "आई, गोलोबाच्या आत दादा आहे."

"नाही गं राणी," तिची आई म्हणाली. "नवीन खेळ आहे हा. टाळ्या वाजव."

मुलीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्यांनीही वाजवल्या. थोड्याच वेळात काडीसमोर फोटोसाठी रांग लागली. एका गृहस्थांनी त्याला घाम पुसू नकोस अशी विनंती केली, कारण फोटोत तो खरा वाटत होता.

व्यवस्थापनाची तातडीची बैठक झाली. अस्वलाने डोके काढलेले नाही, यावर एकमत होते. पण मग लोकांनी फोटो कोणाचा काढला? आनंदप्रमुख बाईंनी तोडगा काढला. तो गोलोबांचा नवा मित्र घामोबा. आठवडाभरात काडीच्या चेहऱ्याचा हुबेहूब फोमचा मुखवटा तयार झाला. त्याला तीन हावभाव मंजूर झाले: कपाळ पुसणे, सुस्कारा टाकणे आणि 'मी आहे' अशा अर्थाने छातीवर हात ठेवणे. शेवटच्या हावभावावर लहान मुले फारच खूश असतात.

घामोबात शिरण्यासाठी काडीनेही अर्ज केला होता. त्याची निवड झाली नाही. चेहरा भूमिकेशी पुरेसा जुळत नाही, असे निवड समितीचे म्हणणे पडले. ती जागा पहिल्या वर्षाच्या एका मुलाला मिळाली. मुखवटा चढवून तो यंत्रासमोर उभा राहिला, तेव्हा यंत्राने क्षणाचाही विलंब न लावता काडीची हजेरी लावली. कामावरून काढल्यानंतर काडी एकही दिवस गैरहजर राहिलेला नाही.

पण ही हजेरी सुट्टी संपल्यानंतरची, म्हणून विद्यापीठाने धरली नाही. वर विद्यापीठाने कळवले की, सुट्टीत अस्वलाच्या आत विद्यार्थी होता असे एखाद्या त्रयस्थ पाहुण्याने लिहून दिल्यास पदवीचा विचार होऊ शकेल. नातेवाइकांचे चालणार नाही. आईचा तसाही उपयोग नव्हता. "लिहून देईन रे," ती म्हणाली, "पण मी पाहिलं ते अस्वलच." मात्र तेव्हापासून ती जेवायला हाक मारायला दारापर्यंत येते आणि त्याची मान हलते का ते बघते.

म्हणून खालील मजकूर उद्यानाच्या बाहेर पडायच्या फाटकावर चिकटवला जातो. तो रोज काढून टाकला जातो आणि रोज पुन्हा चिकटवला जातो. शेवटची ओळ ताईच्या अक्षरात आहे.

'सर्व संबंधितांना विनंती करण्यात येते की, सरत्या हंगामात ज्यांनी गोलोबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, त्यांनी तो फोटो शोधून पुन्हा पाहावा. पाहताना अस्वलाच्या डोळ्यांत न पाहता तोंडात पाहावे. जाळीमागे आणखी दोन डोळे आढळतील. आढळल्यास तसे सहीनिशी विद्यापीठास कळवावे. "ठाऊक होते, पण मुले सोबत होती" हे कारण ग्राह्य धरले जाईल, आणि ती मुले सज्ञान होईपर्यंत थांबण्याची अर्जदाराची तयारी आहे.

ज्यांच्यासोबत मुले नव्हती, त्यांनी कारण देऊ नये. फक्त सही करावी.'